अनुभव धागा: वकिली सोडताना, बदलताना, नव्यानं धरताना

काळा_कोट (धागाकर्ता)
17 ऑगस्ट 2025 ला मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं आणि तेव्हापासून बार रूममध्ये एकच सूर आहे: आता वकिली सोडणारा वेडा. सहा जिल्ह्यांचं हायकोर्टाचं काम इथं सीपीआर दवाखान्यासमोर येऊन बसलंय, मान्य. पण त्यामुळं कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात सिनियरच्या फाईली उचलणाऱ्याच्या खिशात काय पडतं? माझ्या ओळखीतले कुणी बँकेत गेले, कुणी शिकवतात, कुणी परीक्षेच्या मागं आहेत. मीही कंपनीतल्या नोकरीचा विचार करतोय. ज्यांनी खरंच दिशा बदलली किंवा ज्यांची तयारी चालू आहे, त्यांनीच लिहा. 'काम करत राहा, फी आपोआप येते' हे सिनियरकडून रोज ऐकतो. पक्षकारांची, ऑफिसांची नावं नकोत.

सातबारा
मी दिवाणी बाजूचा. पोटापाण्याला बँकांसाठी टायटल सर्च, म्हणजे मिळकतीची मालकी तपासणं. दुय्यम निबंधक कार्यालयात बसून तीस-तीस वर्षांच्या 'सूची दोन' (नोंदवलेल्या दस्तांचे उतारे) काढायच्या, फेरफार आणि बोजे जुळवायचे, रिपोर्ट द्यायचा. शाखेत मॅनेजर बदलला की जुन्या बिलाची कहाणी पहिल्यापासून सांगायची. शेवटी सरकारी बँकांची लॉ ऑफिसरची परीक्षा दिली, लागलो.

गंमत अशी की अर्जाला सनद (वकिलीचा परवाना) लागते आणि रुजू झालं की तीच स्थगित करावी लागते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणं पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. राज्य बार कौन्सिलला कळवायचं. सनद रद्द होत नाही. नोकरी सोडली की अर्ज करून पुन्हा चालू करता येते. आईला मात्र वाटलं, पोराची डिग्रीच काढून घेतली.

खरा वेळ गेला चालू मॅटर सोपवण्यात. प्रत्येक पक्षकाराला बोलवून फाईल, मूळ कागद आणि पुढची तारीख सही घेऊन हातात दिली, नवीन वकिलांचं वकीलपत्र दाखल होईपर्यंत पाठपुरावा केला. काहीजण चिडले, एकानं फी परत मागितली. काळा_कोट, नोकरीचं पत्र यायची वाट बघू नको, ही यादी आत्ताच करायला घे. आणि परीक्षेचा विचार असेल तर वयोमर्यादा 30 आहे.

खडू_डस्टर
मी सनद ठेवूनच शिकवते. वकिलांनी कायदा शिकवण्याबद्दलचे 1979 चे नियम आहेत, त्यात दिवसाला तीन तासांपर्यंत मुभा आहे. सकाळी कॉलेज, अकराला कोर्ट. तासिका तत्त्वावर असल्यानं सुट्टीत पैसे नाहीत आणि एरवीही वेळेवर मिळतील असं नाही. पण 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा खुनाला बार रूम अजून जुनं कलम 302 म्हणत होती आणि मी वर्गात नवं 103 शिकवत होते. नवी कलमं तोंडपाठ असल्यानं मोठे वकील मला फोन करायला लागले! फी कुणी दिली नाही, ते सोडा. पूर्णवेळ प्राध्यापकीला एलएलएमनंतर नेट किंवा सेट हवी. माझी सेट बाकी आहे. ती झाली की कोर्ट सोडायचं का, हे अजून ठरलेलं नाही.

उजळणी
मी पुण्यात अभ्यासिकेत बसून न्यायाधीशपदाची तयारी करत होतो. 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेला किमान 3 वर्षं वकिली हवी. गाशा गुंडाळून गारगोटीला आलो, सिनियर शोधला. सुरुवातीला शिक्षाच वाटली. आता रोज उलटतपास बघतो आणि पुस्तकातला पुरावा कायदा जरा निराळा दिसायला लागलाय. वर्षं बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीपासून धरतात. वकिली केल्याचं प्रमाणपत्र न्यायिक अधिकाऱ्याचं, नाहीतर 10 वर्षं झालेल्या वकिलाचं आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता. म्हणून वकीलपत्रावर सरांसोबत माझी सही होईल, एवढं बघतोच. सर हसतात.

फौंड्रीवाला
तुम्ही सगळे बाहेर पडायचं बोलताय, मी चाळिशीनंतर आत आलो. शिरोली एमआयडीसीत निम्मं आयुष्य गेलं. तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची वरची अट नाही. वर्गात पोरं काका म्हणायची, शिक्षकही एकदा चुकून म्हणाले. आता कामगार बाजू बघतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखानदारांचे फोन सुरू झाले. त्यांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, एवढं सांगितलं की पलीकडं शांतता. भट्टीवर उभा राहिलेला माणूस असल्यानं हजेरीपत्रकात काय लपवलंय ते मला दिसतं, हे माझं भांडवल. आणि एक कुणी बोलत नाही: बायकोची नोकरी होती म्हणून हे जमलं.

सांगलीहून
मी मुंबईत होतो, बेंच झाल्यावर इकडं कोल्हापूरला काम करायला आलो. हा नुसता जागेचा बदल, तरी लिहितो. इथं रिट आणि अपिलं, सगळं ड्राफ्टिंग इंग्रजीत. काळा_कोट, हात चालत असेल तर कंपनीच्या आधी इथं एखादा सिनियर बघ.

उसाचा_फड
वडिलांचं गुऱ्हाळ आहे. सनद ठेवून चालवता येईल का?

सातबारा
नियम 50 बघ भावा. वारशानं आलेला घरचा धंदा चालू ठेवता येतो, पण कारभारात स्वतः भाग घ्यायचा नाही.

उसाचा_फड
मग कारभार भावाकडं देतो. तो म्हणतोय, हिशेब तेवढा तू बघ.

सातबारा
हिशेब म्हणजेच कारभार की रं!