पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत ब्लीचिंग किती टाकायचं?

प्रश्न (पलूस, सांगली): कृष्णेचं पाणी ओसरलंय. विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर, अजून गढूळ आहे. ब्लीचिंग पावडर सरळ ओतली तर चालेल का?

उत्तर १: सरळ ओतू नका. आधी उपसा करून गाळ काढा. क्लोरीन जिवाणूच्या पेशीचं आवरण आणि आतली विकरं (एन्झाइम) मोडतो, पण गाळातल्या सेंद्रिय कचऱ्यावर तो आधीच खर्च होतो, मग जिवाणूंसाठी उरतच नाही.

हिशेब: ३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४ = सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम धरून ७० ग्रॅम. पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरीनची हवी. उघड्या पोत्यातली निकामी झालेली असते. बादलीत कालवून पाऊण बादली पाणी घाला, दहा मिनिटं थांबा. खाली बसलेला चुना टाकून द्या, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत खाली सोडा आणि दोर वर-खाली हलवून पाणी ढवळा.

उत्तर २: तासाभरानं ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का, ते बघायची चाचणी) करा. पिवळी छटा आली नाही तर पुन्हा डोस द्या. ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून थोडे वाचले तरी पुरे होतात.

उत्तर ३: क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. लहान लेकरांसाठी पाणी खळखळून उकळाच. आणि जुलाब लागले तर आधी ओआरएस. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानं देऊ नका, कृपा करून.