सायरस बंद केली ते बरं झालं की चुकलं?

वाशीकर: परवा पाहुण्यांना घेऊन घारापुरीला गेलो होतो. लाँचमधून डावीकडे ट्रॉम्बेच्या डोंगराखाली एक घुमट दिसतो. भाचा म्हणाला, "मामा, मशीद आहे का ती?" म्हटलं, नाही रे, सायरस. अणुभट्टी होती, ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद केली. "बिघडली होती?" इथे माझी बोलती बंद! १९६० ची भट्टी, १९९७ ला थांबवली, पाच वर्षं खपून दुरुस्त केली, २००२ ला परत चालू. आणि २००६ मध्ये अमेरिकेशी बोलणी करताना शब्द देऊन मोकळे, २०१० ला बंद करतो म्हणून. घराला नवीन पत्रे घातले आणि मग घरच पाडलं. माझ्या मते साफ चुकलं.

हिशेबनीस: ४० मेगावॉट, तेही उष्णतेचे. वीज शून्य. त्या काळात आपली वीजकेंद्रं युरेनियमअभावी निम्म्या ताकदीवर रखडत होती. अमेरिकेशी झालेल्या २००८ च्या अणुकरारानंतर बाहेरचं इंधन आलं आणि रावतभाटा, काकरापारला श्वास मिळाला. पन्नाशीची भट्टी देऊन हे पदरात पडलं असेल तर सौदा वाईट नाही.

ठाणेकरीण: हिशेबनीस, वीज नाही म्हणजे काम नाही? संशोधन भट्टीत आयसोटोप बनतात, म्हणजे औषधोपचाराला लागणारी किरणोत्सारी द्रव्यं. माझ्या मावशीला थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं होतं. बॅग भरून, दोन दिवस वेगळ्या खोलीत राहायच्या तयारीनं गेलो, तर "माल आला नाही, पुढच्या आठवड्यात या." का आला नाही ते कुणी सांगितलं नाही. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणून भट्ट्या एकाला दोन हव्यात. शिवाय सायरसच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करायचे, दिवसाला ३० हजार लिटर. तेही गेलं.

हिशेबनीस: ताई, मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण ट्रॉम्बेचीच दुसरी भट्टी ध्रुव आहे ना, १०० मेगावॉटची.

ठाणेकरीण: आहे, पण तेवढी मोठी एकुलती एक! १९८५ ला सुरू झाली तेव्हा इंधनाच्या सळ्या थरथरायला लागल्या, पूर्ण ताकदीला पोचायला १९८८ उजाडलं. तेव्हा सायरस चालू होती म्हणून निभावलं.

आडवा_प्रश्न: मूळ दुखणं कुणी बोलतच नाहीये. भट्टी कॅनडाची, भट्टी चालवायला लागणारं जड पाणी अमेरिकेचं, दोघांनाही आपला शब्द: फक्त शांततेसाठी. १९७४ च्या पोखरणच्या अणुस्फोटाला लागणारं प्लुटोनियम कुठून आलं? सायरसमधूनच. आपण त्याला 'शांततामय स्फोट' म्हणालो, कॅनडानं अणुसहकार्य तोडलं. आता २००६ ला अमेरिकेशी बोलताना कुठली भट्टी नागरी, कुठली लष्करी याची यादी द्यायची होती; पर्याय काय होते? आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली द्यायची तर ट्रॉम्बेच्या आत परके निरीक्षक. लष्करी यादीत टाकायची तर जुना शब्द उघड उघड मोडला. राहिलं काय, कुलूप.

वाशीकर: कुलूपच लावायचं होतं तर दुरुस्ती कशाला?

आडवा_प्रश्न: अहो, १९९७ ला २००५ ची बोलणी कुणाला दिसत होती? आणि दुरुस्तीनंतर आठ वर्षं चाललीच की.

ठाणेकरीण: २००६ च्या त्याच यादीत ट्रॉम्बेची जुनी, छोटी संशोधन भट्टी अप्सराही होती. तिचं फ्रान्सकडून घेतलेलं इंधन भाभा केंद्राबाहेर हलवायचं ठरलं. पण तिथे आपण काय केलं? २००९ ला थांबवली आणि सप्टेंबर २०१८ ला त्याच जागी नवी अप्सरा, २ मेगावॉटची, देशी इंधनावर. सायरसच्या वाट्याला हे का आलं नाही?

हिशेबनीस: कारण २ मेगावॉट आणि ४० मेगावॉट यांत फरक असतो, ताई. खर्चाचाही.

ठाणेकरीण: खर्चाचं म्हणाल तर मावशीच्या त्या एका आठवड्याचं बिल कुणाच्या खात्यात धरायचं तेही सांगा.