पहिल्या रात्रीची जाग

एकट्याने सायकलवरून सहल करण्याच्या या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की तंबूतल्या पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणजे एकट्याने तंबूत राहणं आपल्या स्वभावातच नाही. हे मला अजिबात पटत नाही. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूच पूर्ण झोपत नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये हे मोजून दाखवलं: गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा जास्त सावध होता आणि वेगळा आवाज आला की लगेच दखल घेत होता. तेही प्रयोगशाळेत, चार भिंतींच्या आत! काही दिवसांनी तीच माणसं त्याच जागी पुन्हा झोपली तेव्हा हा फरक राहिला नव्हता. तेव्हा एका रात्रीवरून स्वतःबद्दल निकाल देऊ नका. जमलं तर पहिली सहल दोन रात्रींची आखा, तीही एकाच ठिकाणी.

माझ्या पहिल्या मुक्कामात रात्री दोनच्या सुमारास तंबूला खेटून टक्‌टक्‌ सुरू झाली. बराच वेळ श्वास रोखून पडून होतो. शेवटी टॉर्च घेऊन बाहेर डोकावलो, तर सायकलच्या सीटमागे बांधलेल्या बॅगेच्या पट्ट्याचं मोकळं टोक वाऱ्याने मडगार्डवर आपटत होतं. आता अंधार पडण्याआधी तासभर तरी मुक्कामी पोचतो, सगळे पट्टे गुंडाळून बांधतो आणि मग काही न करता नुसता ऐकत बसतो. उजेडात ओळख झालेला आवाज रात्री फारसा दचकवत नाही.