मदत हवी आहे : फॅटी लिव्हरसाठी कच्च्या केळीचं पीठ, भाकरीत की ताकात?

नमस्कार मंडळी,

आम्ही रावेर तालुक्यातले, केळीची शेती आहे. माझे मिस्टर, वय ४६. मार्चमध्ये त्यांच्या पाठीत कळ आली म्हणून मुतखड्याच्या संशयाने सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टात फॅटी लिव्हर ग्रेड २ लिहून आलं.

आधी आकडे देते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल. वजन ८१ किलो, उंची ५ फूट ६ इंच, कंबर ४० इंच. लिव्हरच्या तपासण्या एसजीपीटी ७८ आणि एसजीओटी ४६, प्लेटलेट्स २ लाख ४० हजार, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड्स २३६, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीएवनसी ६.२, किडनीचं क्रिएटिनिन नॉर्मल. नंतर जळगावला फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरची चरबी आणि कडकपणा मोजणारी तपासणी, केलं. त्यात चरबीचा आकडा २९८ आणि लिव्हरचा कडकपणा ५.९ आला. डॉक्टर म्हणाले, चरबी भरपूर आहे पण लिव्हर अजून कडक झालेलं नाही. वजन उतरवा, गोड बंद करा, सहा महिन्यांनी या. गोळी कुठलीच दिली नाही.

मिस्टर माळकरी आहेत. दारूला कधी शिवले नाहीत. पण रिपोर्ट आल्यापासून जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, "घेतात का?" परवा सख्ख्या मामांनी विचारलं, तेव्हा हे काही न बोलता ताटावरून उठले. मला फार लागलं ते. कुणाच्या घरी असं होत असेल तर सांगून ठेवते, २०२३ मध्ये या आजाराचं नावच बदललंय. जुन्या नावातला 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द काढून टाकला आणि चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नवं नाव दिलं. मी ते मामांना फोन करून वाचून दाखवलं.

आता खाण्याचं. लपवून उपयोग नाही. शेतात दिवसाला सात-आठ कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. ती मी एप्रिलपासून बंद केली आणि गुळाचा चहा सुरू केला. कटाईच्या दिवसांत पिकलेली केळी येता-जाता, मोजदाद नाही. दुपारी भात दोनदा घेतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर. बाकी कळण्याची भाकरी, मेथी, मटकी असं साधंच जेवण.

माझी भाची मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिने एक अभ्यास समजावून सांगितला. चीनमध्ये फॅटी लिव्हरच्या २०० लोकांवर केलेला, २०२३ मध्ये छापून आलेला. निम्म्यांना चार महिने रोज ४० ग्रॅम मक्याचा रेझिस्टंट स्टार्च दिला, म्हणजे लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचणारा. बाकीच्यांना तेवढ्याच कॅलरीचा साधा स्टार्च. पहिल्या गटाची लिव्हरमधली चरबी स्पष्ट उतरली आणि वजन उतरल्याचा हिशेब बाजूला काढला तरी फरक उरला. तसाच स्टार्च हिरव्या केळ्यात असतो म्हणाली. मला रात्रभर झोप नाही. ज्याच्यासाठी लोक डबे मागवतात ते आमच्या मृगबागेत, म्हणजे मृगात लावलेल्या केळीत, उभं आहे!

मे महिन्यात पीठ करून पाहिलं. ग्रँड नैन जातीच्या केळीच्या हिरव्यागार फण्या उतरवल्या. हाताला तेल लावून साली काढल्या, तरी विळीचं पातं चिकाने काळं पडलं. चकत्या पातळ ताकात बुडवून गच्चीवर जुन्या साडीवर पसरल्या. दोन दिवसांत अशा कडक झाल्या की मोडल्यावर कट्कन वाजायच्या. सहा किलो केळीचं जेमतेम किलोभर पीठ निघालं.

आता घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात भाकरीत मिसळ, कुणाला कळणारही नाही. भाची म्हणते, "मावशी, तव्यावर टाकलंस की गेलं." मग कच्चंच द्यायचं का? किती द्यायचं? आणि एका शेजारणीने रात्रीचा भात सकाळी द्यायला सांगितलाय, त्यातही हाच स्टार्च तयार होतो म्हणे. ते खरं आहे का? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर मनापासून सांगा.

प्रतिसाद

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रिपोर्ट इतके नीट लिहिलेत म्हणून नीट उत्तर देता येतंय. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्सवरून फिब-४ नावाचा एक आकडा काढतात. तुमच्या मिस्टरांचा साधारण १ येतो. १.३ च्या खाली असला की लिव्हरमध्ये मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. फायब्रोस्कॅनही तेच सांगतंय. म्हणजे सुधारायला वेळ आहे.

तुमची भाची बरोबर आहे. कच्च्या केळ्यातला स्टार्च कोरडा आणि कच्चा असेपर्यंतच पचनाला दाद देत नाही. पाणी आणि उष्णता एकत्र आली की त्याचे कण फुगून फुटतात आणि मग तो साध्या स्टार्चसारखा पचतो. भाकरी गार झाल्यावर थोडा परत बनतो, पण थोडाच. त्यामुळे ताकात, न शिजवता. सुरुवात एक चमचा, आठवडाभराने दोन. एकदम वाढवलंत तर पोट फुगेल आणि ते दुसऱ्या दिवशी ग्लासला हात लावणार नाहीत. आणि हे जेवणात वाढवायचं नाही, बदली द्यायचं. ताक-पीठ दिलं तर दुपारचा दुसरा भात बंद.

शिळ्या भाताबद्दल मात्र सावध राहा. एका तपासणीत ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च होता, २४ तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर १.६५. वाढला हे खरं, पण या हिशेबाने ४० ग्रॅम भरायला दोन किलोच्या वर भात खावा लागेल. शिवाय रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. उरलेला भात लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर नको.

सगळ्यात जास्त मला खटकला तो गूळ. लिव्हरच्या दृष्टीने गूळ साखरच. दोन्हींतली जवळजवळ निम्मी साखर फ्रुक्टोज असते, ती बहुतेक लिव्हरकडेच जाते आणि जास्त झाली की तिथे चरबी बनते. आठ कप गुळाचा चहा चालू ठेवून वर केळीचं पीठ देणं म्हणजे एका हाताने उपसायचं आणि दुसऱ्या हाताने भरायचं. चहा दोन कप, बिनगोड. पिकलेलं केळं दिवसाला एक. एकादशीला साबुदाण्याऐवजी वाटीभर भगर आणि दही. मटकी, हुलगे, मेथी वाढवा. त्यांतले तंतुमय पदार्थ शिजवूनही टिकतात. वजन सात ते दहा टक्के, म्हणजे सहा ते आठ किलो उतरवायचंय. मुख्य काम तेच करेल. तो अभ्यास मक्याच्या स्टार्चवर होता, केळीच्या पिठाकडून तेवढीच हमी धरू नका. सोबत म्हणून मात्र जरूर द्या. केळीत पोटॅशियम असतं, पण त्यांची किडनी ठीक आहे.

धागाकर्ती

ताई, खूप आभार. गुळाचं वाचून धस्स झालं. दोन महिने मीच हाताने खडा फोडून घालत होते, चांगलं करतेय समजून. आज दुपारी मिस्टरांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून घेतलं आणि संध्याकाळचा चहा बिनगोड प्याले. तोंड वाकडं झालं, पण कप संपवला. उद्यापासून न्याहारीला ताकात एक चमचा पीठ, जिरं आणि किंचित सैंधव. दुसरा भात बंद म्हटल्यावर सासूबाई गप्प झाल्या आहेत, त्यांना मी समजावते. सप्टेंबरमध्ये रक्त आणि फायब्रोस्कॅन पुन्हा करू, तेव्हा आकडे इथेच टाकेन.

एक अडचण उरली. किलोभर पीठ महिनाभर तरी पुरेल, पण इकडे पाऊस लागलाय. कालच्या चकत्यांवर आज पांढरी बुरशी दिसली, सगळ्या फेकल्या. घरात पंख्याखाली किंवा कमी आचेवर कुणी वाळवल्या आहेत का? चकत्या ओल्या असताना ऊब लागली तर स्टार्च शिजून जाईल, ही भीती वाटते.