लस्ट म्हणजे नक्की काय? मदत हवी आहे (चहावरून पचका झालाय)

मंडळी, प्रश्न जरा चावट वाटेल पण खरंच अडलंय म्हणून विचारतेय.

मी पुण्यात ऑफिस सांभाळून शनिवार-रविवार जर्मनचा क्लास करते, ए-वन, म्हणजे पहिली पातळी, चालू आहे. तिथे परवा शिकवलं, 'इश हाबे लुस्ट आउफ काफे', म्हणजे मला कॉफी प्यावीशी वाटतेय. कशाचा मूड नसेल तर 'काइने लुस्ट', विषय संपला. ते डोक्यात एवढं बसलं की सोमवारी चार वाजता टीमच्या ग्रुपवर मी इंग्रजीत टाकलं, आय हॅव अ लस्ट फॉर टी, कोण येतंय खाली? स्पेलिंग सेम आहे हो! दोन मिनिटं कोणी काही बोलेना, मग हसण्याच्या इमोजींची रांग लागली आणि एकाने लिहिलं, चहाला आधी विचारलंस का. आता टपरीवर गेलं की सगळे आपापला ग्लास माझ्यापासून लांब धरतात.

डिक्शनरीत बघितलं तर सरळ कामवासना दिलंय. मग वाँडरलस्ट (भटकंतीची ओढ) कसं चालतं? ते तर लोक इन्स्टाच्या बायोत टाकून फिरतात, त्यांना कोणी हसत नाही. आणि मराठीत लस्टला वासना म्हणायचं तर तिथेही माझा घोळ आहे, कारण आजी शेवटी आजारी होती तेव्हा ताट बाजूला सारून म्हणायची, 'अन्नावर वासनाच राहिली नाही गं', आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही. मग शब्द घाण आहे की नाही?

प्रतिसाद १

आजीतच उत्तर आहे तुमच्या. जुन्या इंग्रजीत लस्ट म्हणजे नुसती इच्छा, आवड, आनंद. जर्मनने तो अर्थ ठेवला, इंग्रजीत तो हळूहळू शरीरसुखापुरता उरला. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये अनुवाद नावाच्या पुस्तकात बाराव्या अध्यायात सांगितलंय की तुझा जीव ज्याची 'लस्ट' करेल ते मांस मारून खा, तिथे ती साधी खायची इच्छा आहे, म्हणजे अगदी आजीची अन्नावरची वासना. त्याच बायबलात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात परस्त्रीकडे 'लस्ट'ने बघणं म्हणजे मनात व्यभिचारच, असंही आहे. लोकांच्या डोक्यात हा दुसरा अर्थ राहिला. आपल्याकडे वासनेचं तेच झालं. दहाव्याला कावळा शिवेना की म्हणतात ना, म्हाताऱ्याची वासना कशात तरी अडकलीय? ती नातवाच्या लग्नात किंवा शेताच्या बांधात अडकलेली असते. पण पेपरात 'वासनांध' वाचलं की एकच अर्थ.

वाँडरलस्ट इंग्रजीने जर्मनमधून अख्खाच उचललाय, म्हणून त्यात जुना अर्थ टिकला. मराठीत पायाला भिंगरी म्हणा, झकास बसतं.

प्रतिसाद २

वापराचं थोडक्यात सांगतो. माणसाच्या बाबतीत लस्ट आफ्टर किंवा लस्ट फॉर आलं की शारीरिकच. सत्ता, पैसा, रक्त यांच्यासोबत चालतं, पण तिथे हपापलेपणाचा वास येतो, म्हणून सत्तेची हाव, रक्तपिपासा असं करा, सगळीकडे वासना चिकटवू नका. आणि लस्टी वेगळा बरं का, धडधाकट, जोमदार असा अर्थ, तान्ह्या बाळाचं खणखणीत रडणंसुद्धा लस्टी असतं. वासनेने भरलेला तो लस्टफुल. चहाला साधं क्रेव्हिंग म्हणा, नाहीतर आय फील लाइक टी.

धागाकर्ती

दोघांनाही खूप थँक्यू! वासनेचं कावळ्यावरून एकदम क्लिक झालं. क्रेव्हिंग लिहून ठेवलंय, पण 'आय फील लाइक टी' नको हो, आमच्या ग्रुपवर लगेच विचारतील, साखर किती?