अनुभव धागा : कोल्हापूरचा पाऊस आणि सिगारची पेटी

कट्ट्यावरचा
गौरीचे मुखवटे काढायला माळ्यावर चढलो तर मागं सिगारची जुनी रिकामी लाकडी पेटी निघाली. झाकण उघडल्याबरोबर तो वास अजून तसाच, म्हणून हा धागा. आपल्या गावात सिगारचे शौकीन थोडे, पण आहेत ते मनापासून करतात. ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा. माप सांगा, कृती सांगा, कुठं बिघडतं ते सांगा.

सुरुवात मीच करतो. कोल्हापुरात सिगार निवडणं दुसरं, सांभाळणं पहिलं. तिला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान लागतं. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात हवा नव्वदीच्या घरात आणि एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतील इतकी कोरडी. दमट झाली की आतला भरणा फुगतो, वरचं पान तडकतं, ओढताना गाल दुखतात आणि सारखी विझते. कोरडी पडली की भराभर जळते, जिभेला चटका बसतो. पानातली तेलं एकदा उडाली की ओलावा देऊनही चव परत येत नाही. थोडीच वाळली असेल तर वाचते, पण एकदम ओलाव्यात टाकू नका. आधी ६२ टक्के आर्द्रतेवर दोन-तीन आठवडे, मग ६५, मग ६९. घाई केली की भरणा फुगतो आणि वाळलेलं पान त्याच्याबरोबर ताणत नाही, फाटतं.

पावशेर
आधी तुमचा आर्द्रतामापक खरं दाखवतोय का ते बघा. बाटलीच्या टोपणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यावर थेंबथेंब पाणी. मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखा लगदा पाहिजे. टोपण आणि मापक झिपच्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवून तोंड घट्ट बंद करा, पिशवीत थोडी हवा राहू द्या. २४ तासांनी आकडा ७५ यायला पाहिजे. ७१ आला तर मापक ४ ने कमी दाखवतोय, पुढं कायम ४ मिळवून वाचा. आकडा पिशवी न उघडता बाहेरूनच बघायचा, हे बरेच जण विसरतात. लो सोडियम मीठ नको, त्याचा आकडा वेगळा येतो.

तालमीचा पोरगा
जाळ अन् धूर संगटच!! 🙏 धागा लई भारी. वाचतोय.

उद्यमनगर
सिगार ठेवायची पेटी करून घेणाऱ्यांसाठी. आतलं अस्तर स्पॅनिश सीडरचं असतं. नावात सीडर असलं तरी ते देवदाराच्या कुळातलं नाही, आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं आहे. ते दमट हवेत कमी वाकतं, ओलावा घेतं आणि सोडतं. आपल्याकडं त्याला सगळ्यात जवळचं लाकूड म्हणजे तूण. देवदार, पाइन नको, राळ सुटते आणि पानाला डाग पडतात. सागवान बाहेरून चालेल, आतून नको, त्याचा तेलकट वास लागतो.

अस्तर ५-६ मिलीमीटरचं पुरे. आतून पॉलिश, व्हार्निश काही नाही, गोंदसुद्धा उघड्या भागावर नको. सुताराला हे तीनदा सांगा, कारण तो सवयीनं हात मारतोच. झाकण असं बसलं पाहिजे की वरून सोडल्यावर धाडकन न आपटता हवेच्या गादीवर हळू टेकलं पाहिजे. दहाची नोट कडेला अर्धी आत ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथनं हवा जाते.

नवी पेटी लगेच भरायची नाही. कोरडं लाकूड सिगारचाच ओलावा पितं. ८४ टक्के आर्द्रता राखणाऱ्या तयार पुड्या टाकून १४ दिवस बंद ठेवा, मग पुड्या काढा आणि नेहमीच्या ६९ च्या घाला. ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची जुनी पद्धत करू नका, लाकडाचे रेषे उभे राहतात आणि फळी वाकते.

कळंबा लाइन
पेटीवर एवढा खर्च कशाला? हवाबंद डबा घ्या, चारी बाजूंना कड्या आणि झाकणाला रबर असलेला. पावसाळ्यात तर डबाच पेटीपेक्षा सरस. नवा डबा धुऊन दोन-तीन दिवस उघडा ठेवा, प्लास्टिकचा वास जातो. डब्यात ६२ किंवा ६५ ची पुडी, लाकडी पेटीत ६९ ची, कारण लाकूड थोडं गळतं. ६० ग्रॅमची एक पुडी २५ सिगारना. पुडी बोटांना मऊ लागते तोवर चांगली, पापडासारखी कडक झाली की संपली. आपल्याकडं जुलैत उलटंच होतं. डबा सारखा उघडला की बाहेरची ओल आत येते आणि पुडी ती पिऊन टम्म फुगते. आठवड्यात एकदाच उघडा. बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, त्या थांबत नाहीत, सगळं कोरडं करतात.

खर्डा-भाकर
डबा कुठं ठेवताय ते पण बघा हो दादा. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीशेजारी ठेवलात तर पंधरा दिवसांत तंबाखूला मसाल्याचा वास. तंबाखू वास ओढून घेते. फ्रिजमध्ये तर नकोच, आजकालचे फ्रिज हवा कोरडी करतात.

आणि दुसरं. हळद, मिरची, धन्यात तो बारका तपकिरी गोल भुंगेरा होतो ना, २-३ मिलीमीटरचा, तोच सिगारमध्ये होतो. एकच जात. मसाल्याच्या कपाटातनं तो थेट तुमच्या पेटीत जाईल. तेव्हा कपाटच वेगळं करा.

रंकाळ्याची लाट
काकी अगदी बरोबर बोलल्या. अंडी पानात आधीपासून असू शकतात, २४-२५ अंशांच्या वर गेलं की फुटतात. लक्षण म्हणजे वरच्या पानाला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुकटी. एक सापडली तर सगळी पेटी काढा. दोन झिप पिशव्यांत हवा दाबून काढून आधी फ्रिजमध्ये एक दिवस, मग फ्रीझरमध्ये तीन दिवस, परत फ्रिजमध्ये एक दिवस, मग बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर थंड पानावर पाणी सुटतं आणि पान चिरतं. थेट फ्रीझर करणाऱ्यांची पानं फाटतात ती ह्या उडीमुळं.

दूधकट्टा
पंचगंगा किती फुटांवर आहे कुणी सांगेल का? राजाराम बंधारा पाण्याखाली गेला म्हणे.

पावशेर
इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. त्याच्या बरीच खाली आहे, पण राधानगरीचे दरवाजे उघडले तर वाढेल. तळमजल्यावरचा असशील तर डबा आजच वरच्या फळीवर ठेव भावा.

तालमीचा पोरगा
माळ्यावर चालंल का?

कळंबा लाइन
पावसात चालेल, उन्हाळ्यात माळा म्हणजे भट्टी. पत्र्याखालचा तर नकोच. मार्च ते मे आतल्या खोलीत, जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीला न टेकता. फारच तापलं तर थर्माकोलच्या खोक्यात डबा ठेवून बाजूला टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली, दिवसातनं दोनदा बदलायची. बाटली डब्याला चिकटवू नका, आतून घाम येतो.

चिरूटवाले
निवडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जाडी रिंगमध्ये मोजतात, एक रिंग म्हणजे इंचाचा ६४ वा भाग. ५० रिंग म्हणजे जवळपास २० मिलीमीटर. मापांना नावं आहेत. रोबस्टो ५ इंच लांब, ५० रिंग, पाऊण ते एक तास. पेटीट कोरोना ५ इंचांच्या आसपास, ४२ रिंग, अर्धा तास ते चाळीस मिनिटं. चर्चिल ७ इंच, ४७ रिंग, दीड तास मोकळा असेल तरच. बारीक सिगार लवकर तापते, भराभर ओढणाऱ्याला चटका देते. नवख्यानं रोबस्टो घ्यावी, वरचं पान फिकं, सावलीत वाढवलेल्या कनेक्टिकट शेडसारखं. काळं मदुरो पान बघून कडक असेल असं समजू नका. तो रंग जास्त आंबवण्यानं येतो आणि चव उलट गोडसर असते. कडकपणा आतल्या भरण्यातल्या लिहेरो पानावर ठरतो, ते झाडाच्या शेंड्याकडचं, जास्त ऊन खाल्लेलं जाड पान.

हातात घेतल्यावर दोन बोटांत टोकापासून टोकापर्यंत हळू दाबत जा. पिकत आलेल्या केळ्यासारखी एकसारखी दबली पाहिजे. मध्ये गाठ लागली तर तिथं धूर अडणार, पोकळ लागली तर तिथं भसकन जळणार. पूर्ण लांबीच्या पानांचा भरणा हवा. तुकड्यांचा असेल तर राख लवकर गळते आणि तोंडात कण येतात.

निपाणीकर
आमच्या भागाची तंबाखू असताना सिगार बाहेरून का येते, असं लोक विचारतात. आमची तंबाखू विडीची. पानं उन्हात वाळवून चुरा करायचा, तो तेंदूच्या पानात वळायचा. सिगारचं वरचं पान अख्खं, पातळ, शिरा बारीक आणि एकही भोक नसलेलं लागतं. ते सावलीत, हवेवर टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात, मग गंजी रचून आंबवतात. गंजीत उष्णता वाढते, अमोनिया बाहेर पडतो, ठरावीक तापली की गंजी मोडून पानं वरखाली करून परत रचतात. ही मेहनत अर्धवट राहिली तर सिगार नाकाला झोंबते. नव्या सिगारला असा वास आला तर फेकू नका, डब्यात दोन-तीन महिने राहू द्या.

देशी हवी असेल तर दक्षिणेत तिरुचिरापल्ली आणि दिंडिगुलचा चिरूट आहे. चिरूट हा शब्दच मुळी तमिळ सुरुट्टूवरून. दोन्ही टोकं उघडी, कापायची गरज नाही, चव सरळ आणि कडक.

तंबाखूचा विषय निघाला की १९८१ चं निपाणीचं भावासाठीचं आंदोलन आठवतंच, पण त्याच्यावर वेगळा धागा पाहिजे.

दूधकट्टा
काढा की धागा निपाणीकर, आम्ही येतो.

रंकाळ्याची लाट
कापणं आणि पेटवणं, थोडक्यात. तोंडात धरायच्या टोकाला पानाची टोपी असते, तिची गोल रेघ दिसते, कापायचं तिच्या वर, दीड-दोन मिलीमीटर. रेघेच्या खाली गेलात की पान सुटायला लागतं. कात्री, किचनची सुरी नको, चिरडतं. दुधारी कटर एका झटक्यात.

पेटवताना ज्योत सिगारला लावायची नाही, ज्योतीच्या वर थोडं अंतर ठेवून फिरवायची. कडा काळी पडून निखाऱ्यासारखी लाल दिसली की मग तोंडात. ब्यूटेनचा लायटर किंवा लांब काडी. काडीचा गंधक पूर्ण जळू द्या. पेट्रोलचा लायटर, मेणबत्ती, उदबत्ती, सगळ्याचा वास शेवटपर्यंत राहतो.

मिनिटाला एक झुरका, तोही तोंडात, छातीत नाही. एका बाजूनं पुढं जळायला लागली तर सिगार फिरवून धरा, मागची बाजू गाठते. राख सारखी झटकू नका, इंचभर राहू द्या, ती निखारा थंड ठेवते. विझली तर राख काढा, एकदा हळू बाहेर फुंका म्हणजे शिळा धूर जातो, मग परत पेटवा. तासाभरानंतर मात्र नको, कडू होते. पन्हाळ्याच्या वाऱ्यात कुठलीच सिगार सरळ जळत नाही.

खर्डा-भाकर
आणि गडावर, बागेत, हॉटेलात ओढायची नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे. गच्चीवर बसा, शेजारी कुणाचं लहान बाळ नाही ते बघून.

डॉक्टरांच्या गल्लीतला
धुराचं पण लिहू द्या. छातीत घेत नाही म्हणजे सुरक्षित, हा समज चुकीचा. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतनंच रक्तात जातं, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या एका पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंडाचा, घशाचा कर्करोग होतो. जिभेवर, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवडे राहिला तर दाखवा. रिकाम्या पोटी ओढली की घाम, मळमळ, गरगर. ताबडतोब थांबा, पाणी आणि गुळाचा खडा. बरं वाटलं म्हणून तीच परत पेटवू नका.

तालमीचा पोरगा
बरोबर काय प्यायचं मग?

चिरूटवाले
कोरा चहा, गुळाचा. किंवा कॉफी. तांबड्या रश्श्यानंतर लगेच फिकी सिगार घेऊ नकोस, काहीच कळणार नाही, तासभर थांब. आणि दूध कट्ट्याचं दूध सकाळी, सिगार संध्याकाळी, दोन्ही एकत्र नको.

पावशेर
नकली माल. क्युबाच्या कोहिबा ब्रँडच्या नावानं काचेच्या झाकणाची पेटी कुणी दाखवली तर हात जोडा, तशी पेटी तिथं निघतच नाही. खऱ्या पेटीच्या तळाला कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि महिना-वर्ष उमटवलेलं असतं, सीलवर होलोग्राम आणि बारकोड. आतल्या सगळ्या सिगारचा रंग एकसारखा लावलेला असतो, पट्ट्या एका रेषेत. पेटीवर आपल्याकडचा ८५ टक्के सचित्र इशारा नसेल तर माल आडवाटेनं आलाय. परदेशातून येताना आणायच्या असतील तर करमुक्त मर्यादा २५.

उद्यमनगर
@कट्ट्यावरचा, त्या जुन्या पेटीचं काय करणार? बुरशी नसेल तर वापरता येईल.

कट्ट्यावरचा
आतल्या कोपऱ्यात पांढरं दिसतंय. केसाळ नाही, भुकटीसारखं. बिजागरी पण करकरते.

उद्यमनगर
भुकटी कोरड्या ब्रशनं झाड आणि दोन-चार दिवस बघ. परत आली, हिरवट झाली, तर बुरशीच, मग तिच्यात सिगार नको. नाही आली तर सावलीत उघडी ठेव, पाऊस थांबलेला दिवस बघून, मग १४ दिवसांच्या ८४ च्या पुड्या. बिजागरीला तेल घालू नको, वास लागतो. पेन्सिलीचं शिसं घास.