सिस्टिम कॉलचे रॅपर प्रत्येक आर्किटेक्चरसाठी हाताने लिहावेत का?

धागाकर्ता, रत्नागिरी
आम्ही चौघे शिकण्यासाठी लिहीत असलेला छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) गणपतीच्या सुट्टीत एक्स८६-६४ या प्रोसेसर-आर्किटेक्चरवरून ३२ बिटांच्या आर्म बोर्डावर उतरवला, आणि फाइल भरलेली असूनही ‘पीरीड६४’ हा फाइल वाचणारा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) दर वेळी शून्य बाइट परत देऊ लागला. रजिस्टरे (प्रोसेसरमधले मूल्ये ठेवायचे कप्पे) छापून पाहिल्यावर उलगडा झाला. मूल्ये कोणत्या रजिस्टरांतून द्यायची हे ठरवणाऱ्या आर्मच्या ईएबीआय नियमानुसार ६४ बिटांचे मूल्य सम क्रमांकाच्या रजिस्टरपासून सुरू होते, म्हणजे आर३ मोकळे सोडून ऑफसेट (फाइलमध्ये कुठून वाचायचे ती जागा) आर४ आणि आर५ मध्ये येतो. रॅपर, म्हणजे रजिस्टरांतली मूल्ये उचलून कॉलला देणारा छोटा कोड, आपोआप तयार करणारा आमचा सामाईक मॅक्रो (कोडचा साचा) मात्र तो आर३ आणि आर४ मधून उचलत होता. परिणामी ४०९६ हा ऑफसेट वरच्या ३२ बिटांत जाऊन बसला आणि कर्नल १७ टेराबाइटांच्या पलीकडे वाचायला गेला. म्हणून माझे मत असे, की मॅक्रो काढून टाकावा आणि प्रत्येक आर्किटेक्चरच्या फोल्डरात रॅपर उघडपणे, हाताने लिहावेत.

उत्तर, देवगड
हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे झाले. तुमच्या मॅक्रोला आर्मचा नियम ठाऊक नव्हता, एवढाच त्याचा दोष. लिनक्समध्ये काही ६४ बिटी आर्किटेक्चरांवर ३२ बिटांच्या मूल्याचा चिन्हविस्तार (अधिक-उणे चिन्ह राखून ६४ बिटांपर्यंत रुंद करणे) वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने केलेलाच असेल, असे कर्नल गृहीत धरत असे. २००९ मध्ये ती सुरक्षेची त्रुटी ठरली, तेव्हा सिस्टिम कॉलची व्याख्या एका मॅक्रोतून करून चिन्हविस्तार त्यातच बसवला गेला. शेकडो कॉल हाताने लिहिले असते, तर एखादा तरी निसटलाच असता. (चौघांच्या कर्नलमध्ये तर नक्कीच.)

उत्तर, मालवण
मीही मॅक्रोच्या बाजूचा आहे, पण त्याचे पोट आर्किटेक्चरनेच भरावे. एक्स८६-६४ वर कर्नलमध्ये शिरणारी ‘सिसकॉल’ ही सूचनाच परतीचा पत्ता आरसीएक्समध्ये, म्हणजे एरवी चौथे मूल्य असते त्याच रजिस्टरमध्ये, ठेवते, त्यामुळे चौथे मूल्य आर१० मधून घ्यावे लागते. ही माहिती सामाईक फाइलमध्ये कशाला हवी? २०१८ च्या ४.१७ आवृत्तीपासून लिनक्समध्ये एक्स८६-६४ चा रॅपर जतन केलेल्या रजिस्टरांचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेतो आणि त्या कॉलला लागतील तेवढीच मूल्ये पुढे देतो, जेणेकरून वापरकर्त्याने इतर रजिस्टरांत ठेवलेले काहीबाही कर्नलच्या आत फिरत राहू नये. तो रॅपर आर्किटेक्चरचा स्वतःचा आहे, तरीही मॅक्रोच तयार करतो.

धागाकर्ता, रत्नागिरी
चिन्हविस्ताराचा मुद्दा मान्य. पण मग फाइल क्रमांक, ६४ बिटांची दोन मूल्ये आणि शेवटी फ्लॅग (पर्याय सांगणारे मूल्य) घेणाऱ्या लिनक्सच्या ‘सिंक_फाइल_रेंज’ या कॉलचे काय? मूळ क्रमाने तो आर्मवर आणला असता, तर फाइल क्रमांकानंतरचे एक रजिस्टर फुकट जाऊन सातवे लागले असते. म्हणून फ्लॅग दुसऱ्या जागी आणून वेगळा कॉलच करावा लागला. हे कोणत्याही मॅक्रोने झाकले नसते.

उत्तर, देवगड
झाकूही नये. ६४ बिटांची मूल्ये घेणारे कॉल मोजकेच असतात. तेवढे आर्मच्या फोल्डरात हाताने लिहा आणि बाकीचे मॅक्रोवर सोडा. ‘पीरीड६४’ सोबत लिहिणारा ‘पीराइट६४’ही तपासा, तिथेही ऑफसेट हे चौथेच मूल्य आहे.